'टेक ऑन मी' आधी दोनदा आपटलं होतं म्हणे? आ-हा बँडची नेमकी स्टोरी काय?

कुंदकळी (धागाकर्ती)

मंडळी एक शंका आहे, इथे जुनी इंग्रजी गाणी ऐकणारे बरेच दर्दी आहेत म्हणून म्हटलं विचारूनच टाकू. नॉर्वेच्या आ-हा बँडचं 'टेक ऑन मी' माहीतच असेल, नाव आठवत नसेल तरी सुरुवातीचा तो कीबोर्डचा तुकडा वाजला की लगेच "अरे हे होय" म्हणाल, आणि व्हिडिओ तर विसरणं शक्यच नाही, ती मुलगी कॅफेत कॉमिक वाचत बसलेली असते, पानावरचा हिरो तिला डोळा मारतो आणि मग पेन्सिलने काढलेला हात पानातून बाहेर येऊन तिला आत बोलावतो, तोच तो. आमच्या पिढीने हे सगळं स्टार टीव्हीवर एमटीव्ही आला तेव्हा पाहिलं, म्हणजे गाणं येऊन पाच-सहा वर्षं उलटल्यावर, त्यामुळे आपल्यासाठी गाणं आणि व्हिडिओ कधी वेगळे नव्हतेच.

आता आमच्या ऑफिसात वाद असा झाला की एक जण म्हणतो हे गाणं दोनदा सपशेल आपटलं होतं आणि शेवटी नुसत्या व्हिडिओच्या जिवावर चाललं, गाण्यात तसा काही दम नाही. मला हे अजिबात पटलेलं नाही पण माझ्याकडे मुद्दे नव्हते, त्यामुळे मी फक्त "काहीही हं" म्हणून डबा उचलला. तर जाणकारांनी सांगावं, खरंच आधीचं वेगळं व्हर्जन आहे का, असेल तर ते का चाललं नाही, आणि ते पेन्सिलवालं ॲनिमेशन १९८५ साली कॉम्प्युटरवर केलं होतं की कसं? आणि या लोकांनी पुढे काही केलं की नाही, की एकाच गाण्यावर आयुष्य काढलं?

गंधार७४

तुमच्या ऑफिसातला माणूस अर्धा बरोबर आहे. जरा लांबण लागेल पण पहिल्यापासूनच सांगतो, मधूनच उचललं तर सगळी गंमत जाते.

पोल वाकतार आणि माग्ने फुरुहोल्मेन हे दोघं ऑस्लोच्या मांगलेरूड भागातले, लहानपणापासूनचे दोस्त. त्यांचा 'ब्रिजेस' नावाचा बँड होता, डोर्स या अमेरिकन बँडचा जबरदस्त पगडा, सगळं गूढ आणि गंभीर. १९८० मध्ये 'फाकेलतूग' नावाची एलपी स्वतःच काढली, पुढे फार काही झालं नाही. पण माग्नेला तो प्रसिद्ध रिफ (सुरुवातीचा तो कीबोर्डचा तुकडा) सुचला तो याच ब्रिजेसच्या काळात, म्हणजे गाणं गाजायच्या कितीतरी आधी. पोलला तो फारच गोडगोड वाटला, च्युइंगमच्या जाहिरातीत शोभेल असा, म्हणून आपापसात त्याचं नावच पडलं 'जूसी फ्रूट साँग' (जूसी फ्रूट हा च्युइंगमचा ब्रँड). मग त्यावर 'मिस ईरी' नावाचं गाणं बेतलं. ते आज यूट्यूबवर सापडतं, ऐकाच, रिफ ओळखू येतो पण बाकी गाणं जरा रानटीच आहे.

मॉर्टन हार्केट तेव्हा दुसऱ्या बँडमध्ये गायचा. त्याने ब्रिजेसना वाजवताना ऐकलं होतं आणि यांच्यात आपण असायला पाहिजे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. १९८२ मध्ये तिघं एकत्र आले, त्याच रिफला घेऊन 'लेसन वन' नावाचा नवा प्रयत्न झाला आणि मॉर्टनचा आवाज कुठून कुठे जाऊ शकतो ते लक्षात आल्यावर पोलने चाल मुद्दाम ताणली, म्हणजे धृवपद खालून सुरू होऊन पायरी पायरीने वर चढत जातं ते त्याच्या गळ्यासाठी बेतलेलं आहे. आडात होतं ते पोहऱ्यात यायला गायक मिळावा लागतो तो असा मिळाला.

मग लंडन. पैसे नाहीत, ओळखी नाहीत. तिथे जॉन रॅटक्लिफ नावाच्या माणसाचा स्टुडिओ त्यांनी निवडला, कारण काय तर तिथे स्पेस इन्व्हेडर्सचं व्हिडिओ गेम मशीन होतं! पण लागला बुवा मटका, रॅटक्लिफला गाणी आवडली, त्याने टेरी स्लेटरशी गाठ घालून दिली आणि ते दोघं मॅनेजर झाले. १९८३ च्या शेवटाला वॉर्नर ब्रदर्सशी करार झाला. तिथे अँड्र्यू विकहॅम नावाचा वरच्या हुद्द्यावरचा माणूस होता, या सगळ्या प्रकरणातला खरा हिरो मला तोच वाटतो. त्याला नवल याचं वाटलं की सिनेमातल्या नटासारखा दिसणारा हा पोरगा गातो मात्र रॉय ऑर्बिसन या जुन्या अमेरिकन गायकासारखा.

आता आपटण्याबद्दल. पहिलं रेकॉर्डिंग टोनी मॅन्सफील्डने केलं. हा फेअरलाइट या तेव्हाच्या महागड्या सँपलिंग मशीनमधला वाकबगार, त्याने सगळं त्या मशीनच्या आवाजात बांधलं. १९८४ च्या ऑक्टोबरात सिंगल आलं आणि इंग्लंडात १३७ व्या नंबरवर जाऊन थांबलं, म्हणजे आपटलं हा शब्दसुद्धा सौम्य आहे. व्हिडिओही होता त्याला, निळ्या पडद्यासमोर तिघं गातायत वाजवतायत, बस. इथे बहुतेक कंपन्यांनी हात झटकले असते. विकहॅमने नाही झटकले, परत पैसे ओतले, ॲलन टार्नी या प्रोड्यूसरकडून सगळं गाणं नव्याने करून घेतलं. आपण आज ऐकतो ते हेच टार्नीचं. आणि गंमत म्हणजे हेसुद्धा इंग्लंडात पहिल्या खेपेला चाललं नाही! मग अमेरिकेतल्या वॉर्नरवाल्यांनी जेफ आयेरॉफच्या पुढाकाराने स्टीव्ह बॅरनला व्हिडिओ दिला, तो एमटीव्हीवर धो धो वाजला आणि १९ ऑक्टोबर १९८५ च्या बिलबोर्ड चार्टवर गाणं अमेरिकेत एक नंबरला. नॉर्वेच्या कुणालाही त्याआधी हे जमलं नव्हतं. इंग्लंडात तिसऱ्या खेपेला दोन नंबरपर्यंत गेलं, वर जेनिफर रशचं 'पॉवर ऑफ लव्ह' ठाण मांडून बसलं होतं ते हललंच नाही.

म्हणजे दोनदा आपटलं हे खरं, पण दोनदा आपटलेलं गाणं एकच नव्हतं हे तुमचे साहेब विसरले.

खवचट_काका

गंधारराव, इतकं सगळं लिहून तुम्ही त्या ऑफिसवाल्याचीच बाजू सिद्ध केलीत की. टार्नीचं व्हर्जन व्हिडिओशिवाय आलं तेव्हा पडलं आणि तेच व्हर्जन, सूर इकडचा तिकडे न होता, व्हिडिओसकट आलं तेव्हा चाललं. मग काय उरलं? १९८५ म्हणजे एमटीव्हीची चढती कमान, दिसायला देखणी पोरं आणि भन्नाट व्हिडिओ असला की काहीही खपत होतं. आमच्या वेळी कॅसेटवर ऐकलेलं मला आठवतंय, तेव्हा चित्र नव्हतं समोर आणि मला हे गाणं किरकिरं वाटलं होतं. आजही वाटतं. पॉपकॉर्न घेऊन बसलोय, येऊ द्या.

काळी_तीन

खवचट काका, किरकिरं??? आता लिहावंच लागणार.

मी बरीच वर्षं ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवलाय, लग्नं, गणपती, कोजागरी, सगळं. तर वाजवणाऱ्याच्या बाजूने सांगतो. पहिलं म्हणजे लय. हे गाणं मिनिटाला १६९ ठोक्यांवर आहे, आपल्याकडे नाचायची फास्ट गाणी सुद्धा सहसा १२०-१३० ला असतात. इतक्या पळत्या लयीवर मॉर्टन काय करतो तर निवांत, लांब लांब स्वर धरून गातो, त्याला कसली घाईच नाही. खाली ड्रम मशीन आणि बेस धावतायत आणि वर गाणारा तरंगतोय. या ओढाताणीतून ती जी हुरहुर येते ना ती व्हिडिओत नाहीये, ती या बांधणीत आहे.

दुसरं, रिफ. पेटीच्या भाषेत सांगायचं तर काळी तीन वरून सुरू होतो (माझ्या आयडीचा उगम कळला असेल), आणि ऐकायला पोरकट वाटला तरी हाताला सोपा नाही, ऑफबीटवर, म्हणजे ठोक्यांच्या मधल्या जागी, इतके स्वर पडतात की नवशिक्या हमखास घसरतो. आणि कॉर्ड्स बघा, गाण्याचा सा आहे पांढरी सहा, पण रिफ आणि कडवं सुरू होतं ते बी मायनरवर, म्हणजे षड्जावर न येता रिषभावरून. त्यामुळे कडवं सतत कुठेतरी निघाल्यासारखं वाटतं, घरी पोचल्यासारखं वाटत नाही. धृवपद लागलं की मग पहिल्यांदा सा वर पाय टेकतो, आणि तो पण कुठला, खर्जातला.

आता धृवपद. ते 'टेक' मंद्रातल्या सा वर, तिथून चढायला सुरुवात होते आणि शेवटी 'टू' वर जो स्वर लागतो तो तिथून दोन सप्तकं ओलांडून वरचा पंचम. एका धृवपदात अडीच सप्तकं. खालची बाजू भरदार छातीच्या आवाजात आणि वर गेल्यावर फॉल्सेटो म्हणजे पातळ हलका आवाज, आणि एकातून दुसऱ्यात जाताना सांधा दिसत नाही. पेटीवर नुसते हे स्वर वाजवून बघा आणि मग गाऊन बघा. किरकिरं म्हणणाऱ्यांनी तर आधी गाऊनच बघा.

मॅन्सफील्ड आणि टार्नी दोन्ही व्हर्जन्स लागोपाठ ऐका, काय बदललं ते कळेल. पहिल्यात सगळे आवाज एकमेकांच्या अंगावर, ड्रम्स बारीक, गाणारा मागे राहिल्यासारखा. टार्नीने गर्दी उपसून काढली. लिनड्रम या ड्रम मशीनचा ठोका समोर आणला, डीएक्स-७ आणि जुनो-६० या कीबोर्डचे आवाज स्वच्छ ठेवले, खाली ॲकूस्टिक गिटार सोडली (हेडफोनवर ऐका, आहे ती) आणि मॉर्टनला मोकळं मैदान दिलं. डीएक्स-७ म्हणजे यामाहाचा तोच कीबोर्ड जो ऐंशीच्या दशकात आपल्या हिंदी-मराठी रेकॉर्डिंगमध्ये पण घुसला होता, त्यामुळे तो काळ ऐकलेल्यांना या गाण्याचा पोत उगाच ओळखीचा वाटतो.

काका, व्हिडिओने लोकांना दारापर्यंत आणलं हे मान्य. पण ४० वर्षं लोक दारात उभे राहत नाहीत हो.

खवचट_काका

बरं बरं. अडीच सप्तकं मान्य. किरकिरं मागे घेत नाही.

रेघोटी

ॲनिमेशनबद्दल मी बोलतो, हा माझा प्रांत आहे.

कुंदकळीताई, कॉम्प्युटर नाही, सगळं हाताने. या तंत्राला रोटोस्कोपिंग म्हणतात आणि ते १९८५ ला सुद्धा जुनंच होतं, मॅक्स फ्लायशरने १९१५ मध्ये त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. आधी खऱ्या माणसांना घेऊन साधं शूटिंग करायचं, मग फिल्मची एक एक फ्रेम खालून कागदावर पाडायची आणि त्यावरून पेन्सिलने चित्र काढायचं. लहानपणी खिडकीच्या काचेवर कागद धरून खालचं चित्र गिरवायचो ना, तेच, फक्त इथे दर सेकंदाला चित्रांचा ढीग लागतो. मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या दोघांनी जवळपास ३००० फ्रेम्स काढल्या आणि त्याला १६ आठवडे लागले. पॉप गाण्याच्या व्हिडिओला तेव्हा कोण १६ आठवडे देत होतं, शूटिंग दोन दिवसात आणि एडिटिंग आठवड्यात उरकायची पद्धत.

आता खरी मजा ऐका. नुसतं गिरवलं तर रोटोस्कोपिंग मेलेलं दिसतं, हे करून बघितलेल्या कुणालाही विचारा, हालचाल हुबेहूब पण जीव नाही. यांनी काय केलं तर रेघा मुद्दाम एकसारख्या ठेवल्याच नाहीत. प्रत्येक फ्रेममध्ये शेडिंगची दिशा, रेघेचा दाब थोडा थोडा वेगळा, त्यामुळे माणूस स्थिर उभा असला तरी रेघा सळसळत राहतात. ही शैली पॅटरसनने विद्यार्थी असताना केलेल्या 'कम्यूटर' या छोट्या फिल्ममधून आलेली आहे. तीच फिल्म पाहून वॉर्नरवाल्यांच्या डोक्यात हे घुसलं. आणि पुढे आ-हाच्या 'ट्रेन ऑफ थॉट' गाण्याच्या व्हिडिओत त्या 'कम्यूटर' मधले तुकडे थेट वापरलेत, कुणाला माहीत नसेल तर बघा, सेम टू सेम तोच हात.

व्हिडिओत माझा सगळ्यात लाडका भाग तो काचेचा. ती मुलगी आणि मॉर्टन एका चौकटीच्या दोन बाजूंना उभे राहून गोल फिरतात, चौकटीतून दिसणारा भाग एक तर खरा किंवा रेखाटलेला, आणि मधेच ते अदलाबदल करतात. आज कुणी पण सॉफ्टवेअरवर करेल म्हणा. तेव्हा खरं फुटेज आणि चित्र काडीचाही फरक न पडता एकमेकाला जुळवणं म्हणजे डोकेफोड होती, जरा हललं की सगळं मुसळ केरात.

शेवटी मॉर्टन कॉमिकमधून बाहेर पडायला भिंतीवर स्वतःला आपटून घेतो आणि अर्धा चित्र अर्धा माणूस होत राहतो, तो प्रसंग बॅरनने केन रसेलच्या 'ऑल्टर्ड स्टेट्स' सिनेमाच्या शेवटावरून उचललाय. उचललाय म्हणजे चांगल्या अर्थाने. आणि ती नायिका म्हणजे बंटी बेली, ती आणि मॉर्टन त्या शूटिंगनंतर खरंच काही काळ एकत्र होते, त्यामुळे नजरानजर ॲक्टिंगची नाहीये एवढंच सांगतो.

अजून एक. १९८६ च्या एमटीव्ही अवॉर्ड्समध्ये या व्हिडिओने सहा बक्षिसं मारली, पण 'व्हिडिओ ऑफ द इयर' मात्र गेलं डायर स्ट्रेट्सच्या 'मनी फॉर नथिंग' ला. तो पण ॲनिमेशनचा, पण कॉम्प्युटरवाला, पॉलिगॉन म्हणतात त्या तुकड्यांची चौकोनी चौकोनी माणसं. आणि त्याचा दिग्दर्शक कोण? हाच स्टीव्ह बॅरन. स्वतःच स्वतःला हरवलं पठ्ठ्याने. मायकेल जॅक्सनचा 'बिली जीन' पण याचाच.

माझ्या मते आज 'मनी फॉर नथिंग' बघितला की हसू येतं आणि 'टेक ऑन मी' बघितला की येत नाही. पेन्सिल जुनी होत नाही, पॉलिगॉन होतात.

कुंदकळी

अरे बापरे काय एकेक प्रतिसाद आहेत, सगळ्यांना मनापासून थँक्यू! ते 'मिस ईरी' ऐकलं, खरंच रानटी आहे पण मला आवडलं. १९८४ चं पण ऐकलं, काळी_तीन म्हणतात ते पटलं, काहीतरी पातळ झाल्यासारखं वाटतं, आणि तो जुना निळा व्हिडिओ बघून तर वाईटच वाटलं, बिचारे किती मन लावून करतायत.

पण शेवटचा प्रश्न राहिला, पुढे काय झालं यांचं? अमेरिकेतल्या सगळ्या याद्यांमध्ये 'वन हिट वंडर' म्हणूनच नाव दिसतं.

उत्तरायण

नमस्कार, मी ऑस्लोत राहते, इथे येऊन बरीच वर्षं झाली. इथल्या माणसासमोर आ-हाला वन हिट वंडर म्हणून बघा, नॉर्वेजियन माणूस कधी आवाज चढवत नाही पण त्या दिवशी चढवेल.

एक तर गंधार यांनी सांगितलेल्या १९८४ च्या आपटलेल्या व्हर्जनबद्दल, ते इंग्लंडात १३७ ला गेलं पण इथे नॉर्वेत तीन नंबरवर होतं! म्हणजे गावाला आधीच माहीत होतं. दुसरं, अमेरिकेची गोष्ट वेगळी आणि बाकी जगाची वेगळी. पुढचंच गाणं 'द सन ऑलवेज शाइन्स ऑन टीव्ही' इंग्लंडात १९८६ च्या जानेवारीत एक नंबरला गेलं, म्हणजे तिथे 'टेक ऑन मी' ला जे जमलं नाही ते याला जमलं. १९८७ ला बाँडपटाचं टायटल साँग मिळालं, 'द लिव्हिंग डेलाइट्स'. आणि १९९१ मध्ये रॉक इन रिओ महोत्सवात, ब्राझीलच्या माराकाना स्टेडियममध्ये १,९८,००० लोकांसमोर वाजवलं, तो तेव्हा गिनीज बुकातला विक्रम होता. ब्राझीलमध्ये हे लोक देव आहेत अक्षरशः. २०१२ मध्ये इथल्या राजाकडून तिघांना सेंट ओलाव्हचा नाइट किताब मिळाला.

पण मला सांगायचाय तो किस्सा गाण्याचा नाहीये. १९८९ मध्ये मॉर्टन, माग्ने आणि इथल्या बेलोना या पर्यावरण संस्थेचा फ्रेडरिक हाउगे यांनी एक फियाट पांडा गाडी आणली, इलेक्ट्रिकवर चालणारी करून घेतलेली, स्वित्झर्लंडहून. तेव्हा इलेक्ट्रिक गाडी नोंदवायची कशी हे इथल्या सरकारलाच माहीत नव्हतं. मग या लोकांनी काय केलं तर ती गाडी टोलनाक्यावरून टोल न भरता दामटवायची. दंड यायचा, तो पण भरायचा नाही. मग सरकार गाडी जप्त करून लिलावात काढायचं, आणि लिलावात दुसरं कोण घेणार असली गाडी, तर हेच परत किरकोळ पैशात विकत घ्यायचे. आणि परत टोलनाका. हे असं पुन्हा पुन्हा, प्रत्येक वेळी पेपरात फोटो, कारण गाडीत कोण बसलंय तर आ-हा. पुढे आयात कर माफ झाला, १९९७ मध्ये टोल माफ झाला, आणि आज परिस्थिती अशी आहे की २०२४ मध्ये नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी जवळपास ८९ टक्के इलेक्ट्रिक होत्या. सगळं श्रेय अर्थात त्यांचं नाही, सरकारी धोरण, पैसा, धरणांची वीज अशी मोठी कारणं आहेत, पण सुरुवातीच्या गोंधळात यांचा हात होता हे इथे शाळकरी पोरांना पण ठाऊक असतं. आमच्या शेजारच्या आजोबांनी मला ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला वाटलं फेकतायत.

बँडचं आपसात फारसं गोडीगुलाबीचं नाही हे पण सांगायला हवं. माग्ने मुळात गिटारवाला, बँडमध्ये त्याला कीबोर्डकडे ढकललं गेलं ही सल त्याने उघड बोलून दाखवलीय. कुठल्या गाण्याचं श्रेय कुणाचं यावरून धुसफूस तर कायमची. २०१० ला बँड मोडला, २०१५ ला परत जमले. माग्ने चित्रकार म्हणून पण चांगला नावाजलेला आहे, पोल अमेरिकेत असतो. आणि मॉर्टनने २०२५ च्या जूनमध्ये जाहीर केलं की त्याला पार्किन्सन्स आहे, मेंदूवर शस्त्रक्रिया पण झालीय. त्या दिवशी इथल्या बातम्यांमध्ये दुसरं काहीच नव्हतं.

चिमणराव_२पॉइंट०

मी इथला बहुतेक सगळ्यात लहान मेंबर असेन, मला हे गाणं व्हिडिओमुळे माहीतच नाही! मला कळलं ते 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू' गेममुळे, त्यात एली ही नायिका एका पडक्या दुकानात गिटार उचलते आणि हेच गाणं हळू म्हणते, जग बुडालंय सगळं आणि ही हे गातेय. मला वाटलं गेमसाठीच लिहिलेलं संथ दुःखी गाणं आहे. नंतर ओरिजिनल ऐकलं तेव्हा मी हँग, हे तर नाचायचं गाणं निघालं.

आणि मग आ-हाचंच २०१७ चं एमटीव्ही अनप्लग्ड सापडलं, गिस्के नावाच्या नॉर्वेच्या बेटावर रेकॉर्ड केलेलं. तिथे मॉर्टन साठीला टेकलेला, गाणं अर्ध्या लयीत, कीबोर्डचा तो रिफ जवळपास गायबच. प्लीज सगळ्यांनी ऐका. खवचट काका तुम्ही पण, त्यात किरकिर करायला एकही सिंथ (इलेक्ट्रॉनिक कीबोर्ड) नाहीये. यावरून माझा मुद्दा असा की व्हिडिओ काढून टाका, सिंथ काढून टाका, लय काढून टाका, तरी पण उरतंच ना काहीतरी. ऑफिसवाल्या काकांना ही लिंक पाठवा आणि विषय संपवा.

खवचट_काका

ऐकलं. चांगलं आहे. (हे कुणी स्क्रीनशॉट काढून ठेवू नका.)

पण मुद्दा तसाच आहे पोरा. तुझ्यापर्यंत गेम पोचला कारण गेम लिहिणाऱ्यापर्यंत गाणं पोचलं होतं, आणि त्याच्यापर्यंत ते व्हिडिओने पोचवलं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत यूट्यूबवर त्या व्हिडिओने १०० कोटी व्ह्यूज ओलांडले, ते काय लोक डोळे मिटून ऐकत होते? माझं म्हणणं एवढंच आहे की चांगलं गाणं म्हणजे आपोआप चालणारं गाणं नव्हे. त्या 'लेसन वन' सारखी चांगली गाणी लंडनच्या कपाटांमध्ये ढिगाने पडली असतील ज्यांना विकहॅम भेटला नाही.

गंधार७४

काका आत्ता बोललात लाखाचं. आणि यात आमचं भांडण नाहीच, म्हणून तर मी वर म्हटलं हिरो विकहॅम. तीन वेळा एकाच गाण्यावर पैसे लावायला एक तर कान लागतो किंवा वेड, आणि आजच्या कंपन्या पहिल्या आठवड्याचे आकडे बघून गाणं सोडून देतात.

कुंदकळी

सगळं वाचून काढलं आणि ऑफिसच्या ग्रुपवर मुद्दे टाकले. त्यावर आमच्या साहेबांचं उत्तर आलं "इतकं आवडतं तर ॲन्युअल डेच्या कराओकेला गाऊन दाखवा". आणि मी तावातावाने हो म्हणून बसलेय!! काळी_तीन, वाचवा. कुठल्या पट्टीत घेऊ? तो वरचा पंचम माझ्याच्याने होणार नाही हे उघड आहे, कराओके ॲपमध्ये स्केल खाली करता येतं, चार सूर उतरवलं तर?

काळी_तीन

ताई उतरवू नका, फसाल. हेच तर या गाण्याचं दुखणं आहे, वरचा पंचम आवाक्यात आणायला चार सूर खाली आलात की खालचा सा पांढरी चारवर जातो, आणि तो मंद्रातला, तिथे बायकांचा सोडाच, बहुतेक पुरुषांचा पण आवाज जात नाही, नुसती हवा येईल. आणि वर चढवलंत तर तिकडून मराल.

त्यापेक्षा असं करा. पट्टी मूळचीच ठेवा, धृवपदाची पहिली ओळ खालच्या सा ऐवजी एक सप्तक वर घ्या, तिथे तुम्हाला आरामात जमेल, त्यानंतरचं जसं आहे तसं. शेवटच्या 'टू' च्या आधी श्वास भरपूर घ्या आणि तो स्वर खेचून छातीतून काढायला जाऊ नका, हलका, नाकाडोळ्यांच्या वर सोडून द्या, सुरात लागला की लहान आवाजात पण चालतो. अगदीच नाही जमलं तर माइक सरळ पब्लिकपुढे धरा, मोठमोठे गायक करतात, कुणी काही म्हणत नाही. आणि १६९ ची लय आहे हे विसरू नका, पहिलं कडवं पळवायचा मोह होईल, पळवू नका, ठोके पळतायत ते पळू देत.

रेघोटी

आणि साहेबांना कॉमिक वाचत पहिल्या रांगेत बसवा.